बारापर्यंत

फोन तांदळाच्या डब्यात वाजत होता.

घड्याळजीनेच तो सकाळी आंघोळीआधी डब्यात टाकून वर घट्ट झाकण लावलं होतं. तरी मेला ऐकू येतच होता. सोवळं नेसून देवासमोर बसलेल्या घड्याळजीने पोथीवरची नजर हलवली नाही, पण ओळ मात्र चुकली. त्याने ती पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"अहो, चौथ्यांदा वाजतोय," दारातून बायको म्हणाली. "हॉस्पिटलमधूनच असणार. घेऊ का मी?"

"हात लावू नकोस. बारापर्यंत या घरात काही कळता कामा नये."

हॉस्पिटलात त्याची थोरली बहीण शेवटच्या घटका मोजत होती. ती गेली की सुतक. मग दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, म्हणजे आज बाराची नव्या मूर्तीची प्रतिष्ठापना गेली बोंबलत. पण सुतक लागतं ते कळल्यावर. कळलंच नाही, तर लागेल कसं? म्हणून ताईच्या उशाशी बसलेल्या पुतणीला, धाकट्या भावाच्या मुलीला, त्याने कालच बजावलं होतं, "काहीही झालं तरी बारापर्यंत मला कळवायचं नाही."

माणूस वाईट नव्हता. तीन आठवडे रोज घड्याळदुरुस्तीचं दुकान लवकर बंद करून तो ताईचे पाय चेपत बसला होता. आजचा मुहूर्तही तिनेच मोडू दिला नव्हता. "माझ्यापायी देवाला ताटकळत ठेवू नकोस रे," म्हणाली होती. जुनी मूर्ती तडकली तेव्हा सगळ्यात जास्त तीच हळहळली होती. पण देवाधर्माच्या बाबतीत दोघांचं कधी जमलं नाही. आई गेल्यावर ताईने लग्न न करता दोघा भावांना वाढवलं, आणि देवालाही त्यांच्यातलाच एक समजून वाढवलं. पिठाच्या हातानेच फूल वाहायची. नैवेद्याच्या ताटातला पहिला घास भुकेल्या भावाच्या तोंडात घालायची. "देव थांबेल, तू नाही थांबायचास," म्हणायची. मोठेपणी घड्याळजीला त्याची लाज वाटे. सोवळ्याचं एवढं वेड त्याने बहुधा तिच्या चुका भरून काढायलाच लावून घेतलं होतं.

फोन पुन्हा वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

"ताई वाट बघत असतील हो," बायको रडवेली झाली.

"गेलेलं माणूस कसली वाट बघतंय?" तो म्हणाला. डोळे भरून आले. पोथीतली अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा पुढचं त्याने पाठ म्हटलं.

बाराला आरती झाली. आरतीची घंटा घणघणत होती तेव्हा डब्यातला फोनही वाजत होता. घंटा थांबली, फोनही थांबला. घड्याळजीने नैवेद्य दाखवला, नमस्कार केला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन झाकण उघडलं. तांदूळ झटकून त्याने पुतणीला फोन लावला.

"कधी गेली?" एवढंच विचारलं.

"आत्ताच, काका. पाच मिनिटं झाली."

म्हणजे सगळं निर्विघ्न पार पडलं होतं. क्षणभर त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची शिसारी आली. मग रागच आला. "मग सकाळपासून फोन कशाला करत होतीस? मी काय सांगितलं होतं तुला?"

"आत्याच लावायला सांगत होती, काका. म्हणाली, त्याला पूजेवरून उठवू नकोस, मला काही बोलायचं नाहीये. काकूला नुसता फोन देवाजवळ ठेव म्हणावं. मला घंटा ऐकायचीय."

घड्याळजी तसाच देवाजवळ गेला. सुतक लागलेल्या हाताने त्याने घंटा उचलली.

"तिच्या कानाला लाव फोन," तो ओरडला. "लाव म्हणतो ना!" आणि वेड्यासारखा घंटा वाजवत सुटला. बायकोने त्याला अडवलं नाही.

बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला.

"राहू दे, काका. ऐकली तिने. मघाशी शेवटचा लावला ना, तेव्हा फोन तिच्या कानाशीच धरला होता मी. नुसती रिंग वाजत होती. तिला ती देवाची घंटाच वाटली. हात जोडले आणि मला म्हणाली, 'बघ, उचलला की नाही त्याने?'"