एक ओळ राहिली

अंगणात पळसाची पानं ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली होती. उद्या त्या पानांचा माणूस करायचा, त्याला वामनरावांचं नाव द्यायचं आणि अग्नी द्यायचा. बारा वर्षं ज्याचा पत्ता लागत नाही, त्याच्यासाठी असंच करतात. चंद्रशेखरने बापासाठी सगळी तयारी केली होती. फक्त आईने, वच्छलाबाईंनी, हो म्हणायचं राहिलं होतं.

नात पूनम ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. मशीनने आपला समज कसा बदलावा, हा तिचा कॉलेजातला विषय.

"आजी, तुला जे खरं वाटतं ते सांग. मी यात भरते. त्यातलं एक खोटं ठरलं, की अजून काय सोडावं लागेल ते हे सांगतं."

"सगळंच सोडा म्हनते का?"

"नाही. जितकं कमी सोडता येईल तितकंच."

"मंग मानसापेक्षा शहानं हाय. तुह्या बापाले शिकव."

वच्छलाबाई सांगत गेल्या. ते जिवंत हायेत. म्हनून मी कुंकू लावतो. म्हनून दाराले कडी घालत नाही. म्हनून ओट्यावर पान्याचा तांब्या ठेवतो, वर गिलास झाकतो. सकाळी तांब्या रिकामा असते.

शेवटचं भरताना पूनमने मान वर करून आजीकडे पाहिलं. मग तिने हळूच लिहिलं : आजोबा जिवंत नाहीत.

पडद्यावरच्या ओळी एकेक करून पुसल्या गेल्या. जिवंत असणं गेलं. कुंकू गेलं. कडीचं गेलं, तांब्या ठेवण्याचं गेलं. वच्छलाबाईंचा हात कपाळाशी जाऊन थांबला.

एक ओळ राहिली. सकाळी तांब्या रिकामा असतो.

"हे काऊन नाही गेलं?"

"बाकीचं सगळं 'म्हणून' होतं, आजी. हे कशावर टेकलेलं नाही. हे तू डोळ्यांनी पाहिलेलं." पूनमने लॅपटॉप मिटला. "मांजर पीत असेल."

"हाव. अन् मांजरच गिलास धुऊन उपडा ठेवत असन."

आतून चंद्रशेखरचा आवाज आला. "माय, गुरुजीचा फोन हाय. काय सांगू?"

वच्छलाबाईंनी अंगणातल्या गोणपाटाकडे पाहिलं.

"या म्हना," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुरुषमंडळी स्मशानातून परतली. वच्छलाबाईंचं कपाळ मोकळं होतं. त्या ओट्यावर न थांबता आत जाऊन पडल्या. तांब्या मोरीत पालथाच राहिला.

पूनम दार लावायला आली. कडीवर हात ठेवून तिने अंगणात पाहिलं. पळसाचं एक पान तिथेच पडलं होतं. ती वळली, मोरीतून तांब्या उचलला आणि आवाज न करता भरू लागली.

अंधारातून आजी म्हणाली, "काठोकाठ भर वं पोरी. त्याइले अर्धा पुरत नाही."