डेपोतली माती

कचरा डेपो आमच्या परसापासून हाकेच्या अंतरावर आहे. दीड वर्षाच्या रेवाला मांडीवर घेतलं की तिच्या छातीतली घरघर माझ्या हाताला जाणवते. डॉक्टर म्हणाले, "जमलं तर जागा बदला." पण इथलं घर विकत घेणार कोण?

आज प्रयोगशाळेतली एक मुलगी पुन्हा डेपोतली माती न्यायला आली. खुशीत होती. "यात एक जंतू सापडलाय ताई. त्याच्या एन्झाइमनं विघटनशील प्लास्टिकच्या पिशव्या पार विरघळतात."

मी विचारलं, "मग हा ढीग संपेल?"

"नाही हो, साध्या प्लास्टिकला तो तोंडही लावत नाही. पण इथं वाढतोय मात्र जोमानं."

सासूबाई रेवाची पाठ चोळत म्हणाल्या,


"चला. हितली हवा कुणाला तरी मानवली."