चौकटीवरची डबी

बिन्यामीन चेऊलकरांनी पिशवीतून स्क्रू पिळायचा पेचकस काढून ओसरीवरच्या बाकावर ठेवला. मग दाराकडे पाहिलं. उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, बोटभर लांबीची पितळी डबी तिरकी बसवलेली होती. आत हिब्रू प्रार्थनेची गुंडाळी. ज्यूंच्या घराच्या दाराला असते, तशीच.

"हिच्यावर लाल काय आहे?"

"कुंकू," रुखमा म्हणाली. "दसऱ्याले लावते. तुमचे भाऊ हासत. पण पुसत नव्हते."

बिन्यामीनचे थोरले भाऊ हानोख पोळ्याच्या आधी वारले. गोंडपिपरीच्या या घरात आता त्यांची बायको रुखमा आणि मुलगी दिव्या राहत होत्या. रुखमा जन्माने ज्यू नव्हती, आणि ज्यूपण आईकडून येतं, म्हणून दिव्याही नव्हती.

"परवा माझं विमान आहे," बिन्यामीन म्हणाले. "इस्रायलला. कायमचा चाललो. मग हिच्याकडे कोण बघणार? आपल्यातलं माणूस राहत नसेल, त्या घरावर ही ठेवत नाहीत. नियम मी केलेला नाही."

"राहू द्या न, भाऊजी. काई मांगत नाई ते. बाहेर निघतानी हात लावते मी. तेवढंच."

बिन्यामीननी रुमालाने मान पुसली.

"घोटभर चहा मिळेल? रात्रभर गाडी वर्ध्याला अडकली. खरं तर कालच पोचायचं होतं."

"आज शनवार हाये," रुखमा म्हणाली. "चूल पेटत नाई आमची. चांदण्या निघाल्यावर पेटन. कालचा भात हाये. देऊ?"

बिन्यामीननी मान हलवली. नको. ज्यूंच्या शब्बाथला, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, आग, काम, प्रवास वर्ज्य. पेचकसाकडे त्यांचा हात गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

आतून दिव्या म्हणाली, "काका, बसमंदी बसून आले न तुमी? ते चालते काय शनवारी?"

"नाइलाज होता, पोरी."

"मंग उद्या काढा. मुक्काम करा. आमी कोंबडं कापतो."

"दिव्या, चूप बस," रुखमा म्हणाली.

रस्त्यावरून चंद्रपूरची बस स्टँडकडे वळली. तिच्यामागे धूळ उठली. बिन्यामीननी ती खाली बसेपर्यंत पाहिलं. मग पेचकस उचलला आणि मुठीची बाजू रुखमाकडे केली.

"बाई, तुम्हीच काढा. तुम्ही काढलीत तर दोष नाही. तुम्हाला शनिवार लागू नाही."

रुखमाने क्षणभर पेचकसाकडे पाहिलं. हात पदराला पुसले आणि तो घेतला.

वरचा स्क्रू लगेच सुटला. खालचा गंजला होता. त्याला तळहाताने जोर द्यावा लागला. कुंकवाचे कण उंबरठ्यावर पडले. बिन्यामीन दोन्ही हात मागे बांधून उभे होते. डबी सुटली, तेव्हा त्यांनी रुमाल पसरून पुढे केला. रुखमाने ती त्यावर ठेवली. त्यांनी रुमालाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि वरून खिसा दाबून पाहिला.

"स्क्रू राहू द्या," ते म्हणाले.

चौकटीवर डबीएवढी फिकट जागा उरली होती. रुखमाने दोन्ही स्क्रू बाकावर ठेवले. शेजारी पेचकस ठेवला.

"बसा, भाऊजी. चा मांडते."

"अहो, पण तुम्ही आत्ताच—"

ती आत गेली होती. काल दिवा लावल्यावर काडेपेटी वरच्या फळीवर ठेवलेली होती. टाचा उंचावून तिने ती काढली. चुलीत दोन काटक्या सारल्या.

दिव्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"माय, आज शनवार."

"मले लागू नाई," रुखमा म्हणाली आणि तिने काडी ओढली.