चुकीला एक काडी

चुकीला एक काडी, या सौद्यात शुभांगीचे दोन फायदे होते. पहिला डाव्या कानाचा. सातवीत शेकडेवारीचं एक गणित चुकलं म्हणून यादोराव गुरुजींनी तिच्या कानाखाली अशी ठेवून दिली होती, की त्या बाजूनं आजही मोटारसायकल अंगावर येईपर्यंत तिला कळत नाही. दुसरा फायदा मेघाचा. मेघा तिच्या भावाची पोरगी. यंदा त्याच शाळेत, त्याच सातवीत, त्याच गुरुजींपुढे. शाळेतून आली की भात चमच्यानं खायची. बोटं वळत नसत.

आणि आता मोहाडीतल्या तिच्या शिकवणीच्या क्लासमध्ये, बाकी पोरं गेल्यावर, तेच गुरुजी तिच्यापुढे तळहात पसरून बसले होते. काडीही त्यांनीच आणलेली. बेशरमच्या झुडपाची, हिरवी, लवलवती, शाळेमागच्या बोडीच्या पाण्याकाठून तोडलेली.

"मार ना, पोरी. कायले लाजून राहिली?"

नोकरीची सहा वर्षं उरलेली असताना वरून फर्मान आलं होतं, की शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा. गुरुजींचं गणित पक्कं. घात केला तो बालमानसशास्त्रानं. 'मूल वारंवार चुकत असेल तर शिक्षक काय करील?' असं विचारलं, की गुरुजींचं पेन सरळ शिक्षेच्या गोलावर जाऊन बसायचं. एकदा नापास झाले, तेव्हा शुभांगीच्या क्लासला यायला लागले. "हे पेपर काढणारा कधी वर्गावर उभा राहिला होता का?" असं पेपर काढणाऱ्याला विचारायची सोय नव्हती, म्हणून शुभांगीला विचारत. तिनं समजावलं, तक्ते करून दिले, पण व्यर्थ. शेवटी इलाज गुरुजींनीच सुचवला.

"माराशिवाय माह्या डोक्यात काई जात नाई. माह्या बापानं पाढे असेच घातले. तू मार."

शुभांगी लाजत नव्हती, हिशेब करत होती. स्वतःचा हात सुजला, की माणसाला दुसऱ्याच्या हाताची कळ समजते. परीक्षेपर्यंत गुरुजी माणसात येतील, मेघाचा हात वाचेल, आणि कानाची वसुली वरून. तिनं काडी उचलली.

पहिल्या दिवशी ती बेतानं मारत होती.

"माशी हाकलून राहिली काय?" गुरुजी म्हणाले.

मग तिनं मनगट मोकळं सोडलं.

"वर्गात मूल उत्तर देत नाही. काय कराल?"

"उभं करीन."

सपकन काडी बसली. तळहातावर पांढरी रेघ उठली, लाल झाली, फुगली.

"नीट वाचा, गुरुजी."

"तिसरा पर्याय. बोलाले वेळ देईन."

"काहून?"

"भीतीनं पोराची बुद्धी बंद पडते." गुरुजींनी हात झटकला. रक्ताचा थेंब सरावपत्रिकेवर पडला. तो त्यांनी बाहीनं पुसला आणि पुढचा प्रश्न वाचला.

रोज असंच. रेघेवर रेघ पडून कातडं फाटलं, तेव्हा गुरुजींनी दुसरा हात पुढे केला. उत्तरं सुधारत गेली. जिथं सुधारली नाहीत, तिथं शुभांगीला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही.

एका संध्याकाळी तिनं प्रश्न वाचला, "हाक मारल्यावर मूल ओ देत नाही. शिक्षकानं आधी काय तपासावं?"

"मस्ती असते ती," गुरुजी हसले. "माह्या वर्गात होती एक अशीच. हाक मारा, ढिम्म. रोज झोडपलं, तरी ढिम्म."

शुभांगीच्या हातून एक काडी बसली. मग दुसरी. चुकीला एक हा सौदा तिथं मोडला. तळहातावर, मनगटावर, कोपरावर, गुरुजींनी तोंड चुकवलं तेव्हा मानेवर. काडी मधोमध तुटली तेव्हा ती थांबली. तिचाच श्वास तिच्या एका कानात भात्यासारखा वाजत होता.

गुरुजींनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा खुलला होता.

"कान!" ते म्हणाले. "आधी पोराचा कान तपासीन. आता मेलो तरी नाई विसरत."

ती पोरगी कोण, हे मात्र त्यांना आठवलं नाही. शुभांगीनंही सांगितलं नाही. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी गुरुजी येताना दोन काड्या घेऊन आले.

निकालाच्या दिवशी ते पेढ्यांचा डबा घेऊन क्लासमध्ये हजर झाले. पास झाले होते. बालमानसशास्त्रात तर गणितापेक्षा जास्त मार्क. तळहातावरच्या खपल्या नुकत्याच पडलेल्या, खाली गुलाबी कातडं.

"एक सांगतो, पोरी." त्यांनी डबा तिच्यापुढे केला. "इतकी वर्षं मास्तरकी केली, पण मनात एक किडा होता. वाटे, आपुन पोरायले जरा जास्तच मारतो. कधी कधी रातभर झोप नाई यायची. तू तो किडा काढला. या वयात, या डोक्यात, फक्त मारानं इतकं गेलं! मी उगाच हात आखडून मारत होतो, म्हनून पोरं कच्ची राहत होती."

शुभांगीनं पेढा तोंडात घातला होता. तो तिनं सरावपत्रिकेच्या कागदात काढून ठेवला.

ती घरी आली तेव्हा मेघा दारापुढच्या सपरीत भिंतीला टेकून बसली होती. गुरुजींनी वर्गातही पेढे वाटले होते. मेघानं आपला खाल्ला नव्हता, आत्यासाठी राखून आणला होता.

"गुरुजी पास झाले, आत्या. तूच शिकवलं म्हने त्यायले."

वसुली शुभांगीची झाली, नोकरी गुरुजींची राहिली. भरणा मेघाच्या सुजलेल्या उजव्या हातानं केला होता. पेढा तिनं डाव्यात धरला होता.