ठणठणीत एक वर्ष

आजारपणातल्या जगण्याला लोक किती मोल देतात, हे मोजणाऱ्या पाहणीचं काम तिला मिळालं होतं. उद्यापासून घरोघरी जायचं, म्हणून सरावासाठी ती वडिलांसमोर बसली. पक्षाघातानं उजवी बाजू गेल्यापासून ते तिच्याकडेच राहत होते.

“बाबा, समजा, आत्ता आहात तसेच तुम्ही दहा वर्षं जगणार. त्याऐवजी आठच वर्षं मिळाली, पण अगदी ठणठणीत, तर घ्याल?”

“घेईन की.”

“सहा?”

“घेईन.”

“तीन?”

“काय घासाघीस करतेस गं!” ते हसले. “एक दिलंस तरी घेईन.”

ती दचकली. एवढी वर्षं सहसा कुणी सोडत नाही, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.

“इतकं दुखतं का हो? कधी बोलला नाहीत.”

“छे गं, दुखतंय कुठं! हा उजवा हात-पाय चालत नाही, त्याची सवय झाली.” मग मान खाली घालून ते म्हणाले, “पण मला अंघोळ घालायला येतेस ना, तेव्हा न्हाणीघराच्या दाराबाहेर थांबून तू एक सुस्कारा सोडतेस. तो आत ऐकू येतो.”

तिनं प्रश्नावली मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाण्याची बादली घेऊन ती कुठंही न थांबता थेट आत शिरली. भिंत धरधरून बाबा रोजच्यापेक्षा आधीच तिथं पोचले होते आणि डाव्या हातानं, गार पाण्यानं, अंघोळ उरकून कुडकुडत स्टुलावर बसले होते.