गरुडाचा खुराक

उन्हाळाभर खाऊन खाऊन सेरिकबोलची शिकारीची गरुडमादी सुस्तावली होती. अल्ताय पर्वतात पहिलं बर्फ पडलं, शिकारीचे दिवस आले, पण समोरून कोल्हा पळाला तरी बाई त्याच्या हातावरून हलेना. घरी येऊन चुलीशेजारी लवंडत त्यानं बायकोला सांगितलं, "कुल्याश, आजपासून हिला धुतलेलं मांस घाल. रक्त निघून पार पांढरंफटक पडेपर्यंत पाण्यात पिळायचं. पोट भरतं, पण अंगातला माज उतरतो. थोड्याच दिवसांत बघ कशी झेपावते!"

"बरं. आणि मेंढ्यांच्या कुंपणाचं काय? काल लांडगा आत शिरला होता."

"परवाच हिवाळ्यासाठी अख्खा घोडा कापलाय मी, दमलोय. उद्या बघू." त्यानं कूस बदलली.

संध्याकाळी त्याच्या ताटात पांढरंफटक मांस आलं. चव ना ढव.

"अगं, पक्ष्याचं मला वाढलंस!"

"छे हो, तिचं तिला घातलं. हे तुमचंच," कुल्याश म्हणाली. "तिचा माज थोड्या दिवसांत उतरेल. तुमचं काही सांगता येत नाही, म्हणून तो अख्खा घोडाच पिळून ठेवलाय."