मधली खुर्ची

"काकू, तुम्ही बरोबर मध्ये बसायचं," ध्वनिमुद्रण शिकवणाऱ्या मिनल मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची जमिनीवरच्या खुणेपर्यंत सरकवली.

गिरजाबाई पदर सावरून बसल्या. पुढे तीन स्पीकर, मागे दोन आणि कोपऱ्यात जमिनीवर एक जाडजूड खोकं. कॉलेजच्या नव्या रेकॉर्डिंग स्टुडिओसाठी विक्रेत्याने असे तीन संच ऐकायला आणून ठेवले होते. त्यांतला एक आज ठरायचा होता आणि तो गिरजाबाईंनी ठरवायचा होता.

आयुष, त्यांचा एकुलता एक, याच कॉलेजात ध्वनिमुद्रण शिकत होता. चारी बाजूंनी आवाज ऐकू येईल असा स्टुडिओ इथे हवा, हे त्याचं रोजचं पालुपद. चाकणच्या अलीकडे कंटेनरने त्याची मोटरसायकल उडवली. भरपाई मिळाली, पण त्या पैशाचा घास घरात कुणाच्या घशाखाली उतरेना. शेवटी ते पैसे कॉलेजला स्टुडिओसाठी देऊन टाकले. अट एकच घातली, स्पीकर घेण्याआधी त्यांवर आयुषचा आवाज गिरजाबाईंना ऐकवायचा.

घरी त्याचा आवाज कुठेच उरला नव्हता. दुनियेचे आवाज गोळा करत हिंडणारं पोर, पण स्वतःचं बोलणं काही मागे ठेवून गेलं नाही. फोनही त्याच्याबरोबर चाकाखाली गेला. फोटो भिंतभर होते, पण फोटो हाक मारत नाहीत. गिरजाबाईंना एकदा, फक्त एकदा, त्याची हाक ऐकायची होती.

धाकटा दीर माऊली याने नवरा-बायको दोघांना आपल्या पिकअपमधून आणून सोडलं होतं. "वैनी, झालं की हाक मारा. माझ्यानं ऐकवायचं न्हाई," एवढं बोलून तो खाली फाटकापाशीच थांबला. माऊलीच काय, भावकीतले, शेजारपाजारचे, लहानथोर सगळे गिरजाबाईंना वैनीच म्हणत.

नवरा दादासाहेब भिंतीला टेकून उभे होते. त्यांना खुर्चीत बसवण्यात अर्थ नव्हता. कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपच्या नोकरीत ते दोन्ही कान कंपनीला देऊन बसले होते. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते निम्मं समजून घेत, उरलेलं बायको समजावून सांगे.

हा दिवस मॅडमनी दोनदा पुढे ढकलला होता. "जुनं रेकॉर्डिंग आहे काकू, शोधतेय," असं म्हणाल्या होत्या. आताही त्या तीच बटणं पुन्हा पुन्हा तपासत होत्या. हिचाही जीव होता पोरावर, असं गिरजाबाईंच्या मनात आलं.

"मुलांना एक काम दिलं होतं," मॅडम म्हणाल्या. "माइकभोवती फिरत घरच्या माणसाला हाका मारायच्या. तुम्हाला जड जाणार असेल तर दुसरं काहीतरी लावते."

"न्हाई. त्येच लावा."

पहिल्या संचातून आधी नुसती पावलं वाजली. मग पुढून आवाज आला. "आई, ए आई. ओळख बघू, मी कुठंय?"

गिरजाबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आवाज उजवीकडे गेला, मागे गेला, डाव्या कानाशी येऊन हसला. विशीतलं, थोडं घोगरं, हसरं पोर. गिरजाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. पुसायचंही भान राहिलं नाही.

"थांबवू का?" मॅडमनी विचारलं.

गिरजाबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मॅडमची मान खाली होती.

"दुसऱ्यावर लावा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या संचाचं खोकं असं घुमलं की भिंतीला टेकलेल्या दादासाहेबांनीही चमकून मागे पाहिलं. "पोरगं रांजणात बसून बोलल्यावानी वाटतंय," गिरजाबाई म्हणाल्या. मॅडम हसायला गेल्या आणि त्यांनाच हुंदका फुटला.

तिसरा संच दिसायला अगदीच साधा. पण पावलं थेट खोलीतल्या फरशीवर पडल्यासारखी वाजली. मागून हाक आली तशा गिरजाबाई वळल्या. मागे कोरी भिंत होती. हाका संपेपर्यंत त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"ह्योच घ्या," त्या म्हणाल्या. "ह्यात पोरगं जवळ येतं."

मॅडमना आता रडू आवरत नव्हतं. "काकू, मला तुम्हाला एक..."

गिरजाबाईंनी उठून त्यांचा हात धरला. "काय बोलू नका. तुमी लई केलं आमच्यासाठी. तुमच्या वर्गातल्या पोरांना एकदा घरी जेवाया पाठवा. समद्यांना. आन् गाडी सावकाश चालवा म्हणावं."

जिना उतरताना दादासाहेब मध्येच थांबले. इतका वेळ दाबून धरलेला प्रश्न त्यांनी विचारला. कान गेलेल्या माणसाचा तो आवाज जिनाभर झाला.

"आपलाच व्हता न्हवं?"

ओठ दिसावेत म्हणून गिरजाबाईंनी त्यांच्याकडे तोंड केलं. "व्हय. त्योच व्हता."

"काय म्हनत व्हता?"

"हाका मारत व्हता मला."

दादासाहेबांनी टोपी काढून डोळ्यांना लावली. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जरा निवांतपणा दिसला. ते पुढे चालू लागले. फाटकापाशी माऊलीने पिकअपचं दार उघडलं आणि लांबूनच हाक मारली, "वैनी, इकडं."

गिरजाबाई चालता चालता जागीच थांबल्या.

काकाच्या तोंडचं ऐकून बोलायला शिकलेला आयुष जन्मात कधी त्यांना आई म्हणाला नव्हता. तोही वैनीच म्हणायचा.